पेढा तोंडात असेपर्यंत गुडघा गप्प का बसतो?

परवा सांगलीच्या मावशीनं फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. "शास्त्रज्ञांचा मोठा शोध!! गोड खाल्ल्याने वेदना थांबतात, मेंदूच तयार करतो पेनकिलर", खाली जोडलेले हात चार आणि गुलाबाचं फूल एक. आता आमच्या आईला गुडघेदुखी आहे, शुगर पण आहे, आणि आम्ही राहतो साताऱ्यात, म्हणजे कंदी पेढ्याचं दुकान घरापासून चालत पाच मिनिटांवर. पुढं काय झालं असेल ते सांगायलाच नको. संध्याकाळी घरी आलो तर आई टीव्हीसमोर, पाय स्टुलावर, गुडघ्याला पट्टा आणि मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. वर मलाच म्हणते, "अरे खरंच कमी वाटतंय."

मी कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतो त्यामुळं असल्या फॉरवर्डांचा निकाल लावायचं खातं घरात माझ्याकडं आहे. एरवी मी "खोटंय" एवढं टाइप करून मोकळा होतो. या वेळी पंचाईत अशी झाली की फॉरवर्ड पूर्ण खोटा नव्हता, खाणं आणि वेदना यांचं मेंदूत खरंच साटंलोटं आहे आणि त्यावर चांगलं काम झालेलं आहे, फक्त त्या कामातून जे निघतं ते फॉरवर्डवाल्यानं पार उलटं करून सांगितलंय. ग्रुपवर एवढं लिहिता येत नाही, मावशीला राग येतो, म्हणून इथं लिहितोय.

दुखतं कुठं, पायात की डोक्यात?

अंधारात पलंगाच्या पायाला करंगळी आपटली की दोन गोष्टी होतात, बघा आठवून. आधी एकदम झणकन कळ, आणि मग क्षणभरानं तो मंद, ठणकणारा दुसरा हप्ता, ज्याच्यात आपण करंगळी धरून खाली बसतो. याचं कारण पायातून वर बातमी नेणाऱ्या तारा दोन जातीच्या आहेत. एक जात सेकंदाला ५ ते ३० मीटर जाते, म्हणजे एसटीचा वेग म्हणा. दुसरी सेकंदाला एखादा मीटर, म्हणजे पायी दिंडी. दोन्ही निघतात एकाच वेळी, पोचतात मागंपुढं.

पण तारेनं बातमी पोचवली म्हणजे दुखलं असं नाही, आणि हाच खरा मुद्दा आहे. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाचा अमेरिकन भूलतज्ज्ञ इटलीत जखमी सैनिकांवर उपचार करत होता, त्यानं १९४६ साली लिहून ठेवलंय की गंभीर जखमा झालेल्या शुद्धीवरच्या सैनिकांपैकी जवळजवळ पाऊण हिश्शानं वेदनेचं औषध नको म्हणून सांगितलं. जखम तर खरी होती. मग १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडलं की पाठीच्या कण्यात एक दरवाजा असल्यासारखं काम चालतं, तो कमीजास्त उघडतो आणि तेवढीच वेदना वर जाते. आणि १९६९ मध्ये रेनॉल्ड्सनं उंदराच्या मेंदूच्या एका ठिकाणी बारीकसा करंट देऊन भूल न देता पोटाचं ऑपरेशन करून दाखवलं. म्हणजे मेंदू खालून आलेली बातमी नुसती ऐकत बसत नाही, तो वरून खाली हुकूम सोडतो की ही बातमी आत्ता पाठवू नका.

मला हे समजावायला कायम दवाखान्यातला कंपाउंडर आठवतो. बाहेर बाकड्यावर पेशंट बसलेत, आत डॉक्टर आहेत, आणि कोणाला कधी आत सोडायचं हे ठरवणारा माणूस दारात उभा आहे. वेदना म्हणजे ते बाकड्यावरचे पेशंट. तुम्हाला "दुखतंय" असं जे वाटतं तो आत पोचलेला पेशंट. बाहेर किती गर्दी आहे यावर आत किती पोचले हे ठरत नाही, कंपाउंडरवर ठरतं.

लोणंदची आजी

दोन वर्षांमागं माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला होती तेव्हा एनएसएसची पोरं घेऊन मी गेलो होतो, वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायचं, फोड आलेत त्यांना मलमपट्टी करायची. एक आजी बसल्या होत्या, परभणीकडच्या, टाचेला रुपयाएवढा फोड फुटून कातडं लोंबत होतं. त्यांनी पाय आमच्याकडं दिला आणि हातात भाकरी-पिठलं घेतलं. सिस्टरांनी कातडं कापलं, औषधाचा बोळा फिरवला, माझ्याच अंगावर काटा आला, पण आजी चावतायत. मान वर नाही, पाय मागं नाही. भाकरी संपली, त्यांनी पाणी प्यायलं, पदराला हात पुसले, आणि सिस्टर पट्टीला चिकटपट्टी लावत होत्या, म्हणजे सगळ्यात कमी दुखायचं काम, तेव्हा आजींनी पाय झटकन मागं घेतला. "अगं बाई गं, काय लावलंस गं हे, आग झाली की!"

पोरं हसली. मीपण हसलो. एका आजीवरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, त्यांचे पाय राबून घट्ट झालेले, आळंदीपासून चालून आलेल्या, डोक्यात विठ्ठल, कारणं दहा असू शकतात. पण नेमका घास संपल्यावर पाय मागं आला ते काही डोक्यातून गेलं नाही, कारण शिकागोतल्या एका लॅबमध्ये अगदी हेच मोजलेलं आहे.

मेंदूच्या देठातली शिवण

मेंदू जिथं पाठीच्या कण्याला जोडलेला असतो तो भाग वांग्याच्या देठासारखा असतो, त्याला मी देठच म्हणणार आहे. श्वास, गिळणं, ठोके अशी बिनबोभाट कामं तिथून चालतात. त्या देठाच्या बरोबर मधोमध पेशींचा एक पुंजका आहे, त्याचं नाव रॅफे मॅग्नस. रॅफे म्हणजे ग्रीकमध्ये शिवण, मॅग्नस म्हणजे लॅटिनमध्ये मोठा. दोन बाजू मधे शिवल्यासारख्या दिसतात म्हणून हे नाव. आपला कंपाउंडर जिथं उभा असतो ती जागा हीच.

या शिवणीत दोन तऱ्हेच्या पेशी आहेत. एका तऱ्हेच्या जाग्या झाल्या की वेदना वर सोडल्या जातात, उलट वाढवूनही सोडल्या जातात. दुसऱ्या तऱ्हेच्या जाग्या झाल्या की दार ओढून घेतलं जातं. पेगी मेसन आणि हेली फू या शिकागो विद्यापीठातल्या दोघींनी २००५ मध्ये दाखवलं की उंदीर खात असताना दार ओढणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि दार उघडणाऱ्या गप्प होतात. म्हणजे डॉक्टरांनी डबा उघडला की कंपाउंडर बाकड्यावरच्यांना सांगतो, साहेब जेवतायत, बसा जरा.

मेसनबाईंच्या लॅबनं लघवीच्या वेळीही याच भागातल्या पेशींचं काम तपासलेलं आहे. साहेब आत गेलेत, थांबा. मधेच उठणं परवडत नाही अशी जी कामं आहेत त्यांना हा कंपाउंडर संरक्षण देतो, असा एकूण सूर.

उंदीर, बल्ब आणि चॉकलेट

आता तो प्रयोग ज्याच्यावरून फॉरवर्ड निघाला असावा. २००९ सालचा, याच दोघींचा. उंदराच्या पिंजऱ्याखाली एक बल्ब. तो लावला की तळ तापतो आणि उंदीर पाय उचलतो. किती वेळानं उचलतो ते मोजायचं. साधं आहे. मग उंदराला चॉकलेट दिलं आणि तो खात असताना बल्ब लावला, तर पाय उशिरा उचलला गेला.

इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर आहे. पण शास्त्रज्ञ इथं थांबत नाहीत ना, त्यांनी विचारलं की हे कशामुळं, साखरेमुळं, भुकेमुळं, का नुसतं खाण्यामुळं? तर पहिली गोष्ट, हे उंदीर उपाशी नव्हते, पोट भरलेले होते. दुसरं, त्यांनी बारीक नळीनं थेट तोंडात द्रव सोडून पाहिला, म्हणजे उंदरानं खायला जायची पण गरज नाही, आलं ते गिळायचं. साखरेचं पाणी सोडलं, पाय उशिरा उचलला. सॅकरीन सोडलं, जे गोड आहे पण ज्यात ताकद शून्य, तरी उशिरा. आणि नुसतं साधं पाणी सोडलं, तरी तितकाच उशीर. चॉकलेट आणि पाणी, फरक नाही! हे वाचलं तेव्हा मी आईच्या बॉक्सकडं बघून मनातल्या मनात हिशोब केला की पेढे केवढ्याला पडले आणि नळाचं पाणी केवढ्याला.

"हॅ, लक्ष दुसरीकडं गेलं म्हणून कमी दुखतं, त्यात काय एवढं"

आमच्या स्टाफरूममध्ये पहिली शंका हीच निघाली आणि शंका रास्त आहे, पोराला इंजेक्शन देताना आपण "तो बघ कावळा" म्हणतोच की.

पण त्या प्रयोगात खारट पाणी पण दिलेलं होतं. तेही गिळावंच लागतं, तेवढंच लक्ष जातं, पण त्यानं वेदना कमी झाली नाही. क्विनीन दिलं, म्हणजे काडेचिराइताच्या काढ्यासारखं कडूजहर, उंदरानं तोंड वाकडं करून ते बाहेर काढलं आणि पाय नेहमीसारखा पटकन उचलला. लक्षाचाच खेळ असता तर कडू औषधानं सगळ्यात जास्त लक्ष वेधलं असतं. म्हणजे डबा उघडला आणि भाजी आंबलेली निघाली तर कंपाउंडर कोणाला थांबवत नाही.

अजून एक, आणि हे मला फार आवडलं. आजारी पडलेल्या उंदरांना चॉकलेटचा उपयोग कमी झाला, पण पाण्याचा उपयोग तसाच राहिला. ज्यानं कधी तापात पडून आईच्या हातचा शिरा नको म्हटलाय आणि तांब्याभर पाणी गटागट प्यायलंय त्याला हे वेगळं समजावायला नको, तापात शिरा कडू लागतो आणि पाणी गोड लागतं. तर गोम साखरेत नाही, त्या क्षणी शरीराला काय हवंसं वाटतं त्यात आहे.

आणि शेवटचा पुरावा म्हणजे त्यांनी ती शिवणच तात्पुरती बंद पाडून पाहिली. कंपाउंडरला सुट्टी. त्याबरोबर खाण्याचा हा गुण ढिला पडला.

ही सोय कोणासाठी केली होती?

इथं माझं आणि फॉरवर्डवाल्याचं खरं भांडण आहे. तो म्हणतो खाल्ल्यानं वेदना थांबते, म्हणजे खाणं हे वेदनेचं औषध. उंदराच्या बाजूनं बघितलं तर उलटं आहे. रानातल्या प्राण्याला पोटभर घावणं ही रोजची गोष्ट नव्हे. घावलंय तर काटा टोचला, डास चावला, जमीन तापली, एवढ्या तेवढ्यासाठी खाणं सोडून तो उठायला लागला तर उपाशी मरेल. म्हणून किरकोळ दुखणी खाणं संपेपर्यंत अडवून ठेवायची सोय झाली. वेदना थांबवायला खाणं नाहीये, खाणं थांबू नये म्हणून वेदना अडवलीय. पेढ्यानं गुडघ्याची सेवा केली नाही, गुडघ्याला गप्प बसवून पेढ्यानं स्वतःची सोय बघितली.

किरकोळ हा शब्द महत्त्वाचा. कंपाउंडर सर्दी-खोकल्याला बसवतो, अ‍ॅक्सिडेंटची केस आली तर जेवणाचा डबा बाजूला ठेवावाच लागतो.

आणि ही सोय तोंड हलतंय तेवढ्यापुरती आहे. घास संपला, पाय मागं आला, आजीचा आला तसा. गुडघ्यात झिजलेली गादी तिथंच आहे, सूज तिथंच आहे. मग कमी वाटायला काय करायचं? अजून एक पेढा. मेसनबाईंनी स्वतः हेच म्हटलेलं आहे की जिथं अन्न कमी होतं तिथं ही व्यवस्था उपयोगाची होती, आता जिथं हात पुढं केला की खायला मिळतं तिथं हीच आपल्याला थांबू देत नाही. चिवड्याचा डबा घेऊन बसलं की बोटं तळाला लागेपर्यंत कळत नाही, त्यात आपला लोभ आहेच पण थोडा हात या कंपाउंडरचाही असावा, असं मला वाटतं.

आता उलटी बाजू, भुकेला उंदीर

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अँबर अल्हादेफ आणि निकोलस बेटली यांच्या टीमनं २०१८ मध्ये वेगळाच प्रश्न घेतला. खाताना नाही, कडाडून भूक लागलेली असताना वेदनेचं काय होतं? त्यांनी छोट्या उंदरांना २४ तास उपाशी ठेवलं आणि दोन तऱ्हेच्या वेदना तपासल्या. एक ताजी, तापलेल्या पत्र्यावर पाय पडल्यासारखी. दुसरी सुजेची, रेंगाळणारी, म्हणजे आपल्या मुरगळलेल्या पायासारखी.

निकाल असा की ताज्या वेदनेत काहीच फरक पडला नाही, उपाशी उंदीर पण चटका बसला की तितक्याच झपाट्यानं पाय उचलत होता. पण रेंगाळणारी वेदना जवळजवळ गेली, पेनकिलर दिल्यावर जेवढी जाते तेवढी. सकाळपासून उपाशी असलेले डॉक्टर घाईत डब्यासाठी निघालेत, त्यात कंपाउंडर महिनाभर तीच तक्रार घेऊन येणाऱ्याला "उद्या या" म्हणतो, पण रक्त गळत आलेल्याला आत सोडतोच. आणि विचार केला तर हे किती बरोबर आहे, सुजलेला पाय घेऊन बिळात पडून राहणं हे पोट भरलेल्या उंदराला परवडतं, पण उपाशी उंदराला लंगडत का होईना बाहेर पडायलाच हवं, आणि बाहेर पडल्यावर चटका कळला नाही तर तो मेलाच.

हे करतं कोण? मेंदूच्या तळाशी भुकेच्या पेशी असतात, त्यातल्या फक्त काही, साधारण ३००, देठातल्या एका ठाण्याकडं तार टाकून बसलेल्या असतात आणि तिथं न्यूरोपेप्टाइड वाय नावाचं रसायन सोडतात. या ठाण्याचं नाव पॅराब्रेकियल, ते एकदाच सांगतो आणि सोडून देतो. तेवढ्या ३०० पेशी बाहेरून चालू केल्या की पोट भरलेल्या उंदराचीसुद्धा रेंगाळणारी वेदना दबली. कोट्यवधी पेशींच्या मेंदूत तीनशे. आमच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला याहून जास्त पोरं आहेत.

शास्त्रज्ञ यावर एवढे खूश का, तर ताजी वेदना शाबूत ठेवून जुनी तेवढी कमी करणारी वाट निसर्गात आधीच आहे हे कळलं. आपल्याला औषधातून हवंय तेच. असं औषध माणसांसाठी अजून बाजारात नाही, कोणी विकायला आला तर दाराबाहेरूनच परत पाठवा.

"म्हणजे एकादशी केली की गुडघा दुखणार नाही?"

हे आईनंच विचारलं, लगेच. नाही. उंदराचा चोवीस तासांचा उपास म्हणजे आपली एकादशी नव्हे. तो जीव मुठीएवढा, एका दिवसात त्याचं वजन दिसण्याइतकं उतरतं, माणसाला तेवढी उपासमार व्हायला कितीतरी दिवस लागतील. शिवाय आपल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, हे खाऊन भुकेच्या पेशी कशाला ओरडतील? आणि शुगरच्या गोळ्या चालू असताना कडक उपास केला तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, ते गुडघेदुखीपेक्षा महागात पडतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

याच्याशी गल्लत होणारी एक गोष्ट सांगून टाकतो. "पेनकिलर उपाशीपोटी घेऊ नका" असं जे सांगतात त्याचा वरच्या कशाशी संबंध नाही. त्या गोळ्या पोटाच्या आतल्या संरक्षक थराला लागणारं रसायनही कमी करतात, म्हणून जळजळ, अल्सर वगैरे. जेवून घेतली म्हणून ती रोज मनानं घ्यायला सुरक्षित होते असंही नाही, किडनीचं वेगळंच असतं.

उंदरांचं झालं, माणसांचं काय?

माणसांत सगळ्यात जास्त पाहणी झालीय ती तान्ह्या बाळांवर. टाचेतून रक्त काढताना किंवा सुई देताना बाळाच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब दिले तर ते कमी रडतं, यावरच्या अभ्यासांचा २०१६ साली आढावा घेतला गेला त्यात ७४ अभ्यास आणि ७,०४९ बाळं होती. नवजात बाळांच्या विभागात हे वापरतातही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये लसीकरणाच्या वेळी बाळाला अंगावर पाजत ठेवा असा सल्ला दिला, म्हणजे आपल्या आज्या जे करत आल्या तेच.

पण याला एक टाचणी लावणारा अभ्यास आहे. २०१० मध्ये लंडनमध्ये रेबेका स्लेटर आणि सहकाऱ्यांनी बाळांच्या डोक्याला तारा लावून मेंदूतली हालचालच मोजली. साखरेचं पाणी दिलेल्या बाळांचं तोंड वाकडं कमी झालं खरं, पण मेंदूत वेदनेची जी लाट उठते ती तेवढीच उठली. मग प्रश्न पडतो की दुखणं कमी झालं का नुसतं रडणं कमी झालं? यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. मला विचाराल तर उंदराच्या पायालाही हाच प्रश्न विचारता येतो, पाय उशिरा उचलला म्हणजे कमी दुखलं का उचलायचा हुकूम अडला? उंदीर सांगत नाही.

आणि हो, साखरेच्या ऐवजी मध चालेल का असं कोणीतरी विचारणारच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, चाटवायलासुद्धा नको, बोटुलिझम नावाची जीवघेणी विषबाधा होऊ शकते. बारशाला आलेल्या आत्या ऐकत नाहीत, त्यांना हे वाचून दाखवा.

तिखटाचं गणित वेगळं

तांबड्या रश्श्यानं डोकेदुखी पळते असं छातीठोक सांगणारे मला बरेच भेटलेत. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या त्याच दारावर थाप मारतं जे गरम चटक्यानं उघडतं, म्हणून तिखट "भाजतं". हे दार डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधलं आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्याच कॅप्सेसिनचा मलम किंवा पट्टी कातडीवर लावली की तिथल्या वेदनेच्या तारा काही दिवसांत थकून गप्प होतात, डॉक्टर ते वापरतात. पण ते लावायचं, प्यायचं नाही. मिसळीनं नाक मोकळं होतं एवढं खरं.

ती वजनाची इंजेक्शनं

सेमाग्लुटाइडचं वजन कमी करायचं इंजेक्शन २०२५ मध्ये आपल्याकडं मिळायला लागल्यापासून दर लग्नात कोणीतरी त्याबद्दल बोलतंच. ते भूक कमी करतं, मेंदूलाच "बास" असं सांगतं. त्याचा गुडघ्यांवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला, लठ्ठपणा आणि गुडघ्याची झीज दोन्ही असलेले ४०७ जण, ६८ आठवडे. शंभरपैकी वेदनेचे गुण सुरुवातीला ७० च्या आसपास होते, औषध घेणाऱ्यांचे ४१.७ नं कमी झाले. आता गंमत बघा, नुसत्या खोट्या इंजेक्शनवाल्यांचे पण २७.५ नं कमी झाले. (व्यायाम आणि आहाराचा सल्ला दोघांनाही होता.) म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा आहे, पण सगळा त्याचा नाही.

हे भुकेच्या तारांमुळं झालं का वजन उतरल्यामुळं? वजन हे सरळ कारण तर दिसतंच. एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो असं मोजलेलं आहे. आईनं पाच किलो उतरवलं तर पावलागणिक वीस किलो. आणि पेढ्यांचा बॉक्स हे गणित नेमकं दुसऱ्या दिशेनं नेतो. ती इंजेक्शनं प्रत्येकाला चालत नाहीत, मळमळ-उलट्या होतात, डॉक्टरांशिवाय घ्यायची नाहीत.

तर आईला मी काय सांगितलं

एवढं सगळं जेवताना सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे पाण्यानं पण तेवढंच होतं ना? मग करून बघू." आई रोज सकाळी उपाशीपोटी बोटाला सुई टोचून शुगर बघते आणि रोज टोचताना "आई गं" म्हणते, म्हणजे सत्तराव्या वर्षी पण. पाणी चालतं उपाशीपोटी, त्यानं शुगर बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर मशीन, पट्टी, कापूस आणि स्टीलचा पेला. ती एका हातानं पेला तोंडाला लावून घोट घ्यायला लागली, दुसरा हात माझ्याकडं, अनामिका पुढं. तिसऱ्या घोटाला मी खटका दाबला. "आई गं" आलं नाही. मी खूश. तेवढ्यात तिला जोराचा ठसका लागला, पाणी नाकातून, निम्मं माझ्या शर्टावर, रक्ताचा थेंब पट्टीवर पडायच्या ऐवजी टेबलक्लॉथवर.

"दुखलं का?" मी विचारलं.

"कुठं बघायला मिळालं," ती खोकतखोकत म्हणाली. "परत टोच आता दुसऱ्या बोटाला."